एकच फंक्शन, बाकी काही नको

“एवढंच ना? चहा निवायच्या आत पाठवतो!” मास्टर फोनवर म्हणाला.

जनावरांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या गृहस्थाला सगळे मास्टरच म्हणत. फोनवर होती त्याची मेव्हणी, नव्या शाखेची डॉक्टर. तिला हवं होतं डेटाबेसच्या पोटातलं एकच फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, ‘आठवण’. जंताच्या औषधाची तारीख आली की ते मालकाला आपोआप मेसेज लिहायचं.

मास्टरने ऐटीत बटण दाबलं. फाइल निघाली ती सबंध डेटाबेसची!

“भाऊजी, मी सुई मागितली, तुम्ही शिंप्याचं दुकान पाठवलंत!”

मास्टर ओशाळला. मग खटपट करून त्याने ‘आठवण’ एकटं बाहेर काढलं. पण ते ‘नाव’ नावाच्या दुसऱ्या फंक्शनला हाक मारत होतं. “तेही असू दे बरोबर,” म्हणून त्याने दोन्ही पाठवली. फाइलीत साफ लिहिलं होतं: याच नावाचं जुनं असेल तर काढा, हे बसवा. ते कोण वाचतो!

‘नाव’चं काम सोपं. नोंदीच्या पहिल्या रकान्यातलं नाव उचलायचं. मास्टरकडे त्या रकान्यात जनावराचं नाव असायचं. मेव्हणीकडे मालकाचं!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. “भाऊजी, बाहेर रांग लागलीय!”

“वा! म्हणजे चाललं!”

“कसलं चाललं! एक रिटायर्ड जज्ज सकाळपासून उपाशी बसलेत. मेसेज वाचू? ‘जज्जसाहेबांना जंताचे औषध द्यायचे आहे. उपाशीपोटी आणावे. चावत असल्यास तोंडाला जाळी बांधावी.’”

“मग... जाळी बांधलीय?”

“बायको बांधायला निघाली होती, म्हणूनच तर भडकलेत! आणि भाऊजी, एक आजोबा जनावरं तपासायच्या टेबलावर चढून बसलेत. उतरायलाच तयार नाहीत!”

मास्टरला घाम फुटला. “तुझं जुनं ‘नाव’ परत बसव!”

“कुठून? तुमच्या फाइलीने खाल्लं ते!”

शेवटी मास्टर स्वतः धावत शाखेत गेला. जज्जसाहेबांच्या जळजळीत नजरेखाली त्याने नवं ‘नाव’ लिहिलं, मेसेज तपासला आणि कपाळ पुसलं.

मेव्हणी स्क्रीनकडे टक लावून बघत होती.

“भाऊजी, हे ‘आठवण’ एवढंच? चार ओळी?”

“हो, म्हणजे... पण अवघड आहेत!”

“मग फोनवर वाचून दाखवायच्या होत्यात की!”