हळू, आई झोपलीय

संदेश मयेकर अकरा वर्षं माझा शेजारी आहे, पण त्याचा खरा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही. हा मुलगा फक्त कुजबुजतो. दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, अगदी भांडतानासुद्धा. त्याची आई रात्रपाळीची नर्स. ती दिवसा झोपणार आणि घर एका खोलीचं. म्हणून दाराच्या कडीला चिंध्या गुंडाळलेल्या, भात कुकरऐवजी पातेल्यात. माझी बेल जरा जास्त वाजली की हा दारात हजर. "काका, हळू. आई झोपलीय."

अशा मुलाने रॅपर व्हावं, हा आमच्या हाटकेश वस्तीतला पहिला चमत्कार. मित्राने मोबाईलवर शूटिंग केलं आणि केबिन रोडच्या सायबर कॅफेतून इंटरनेटवर चढवलं. गाणं आमच्या इमारतीवरच होतं.

"सात वाजता पाणी, सव्वासातला बंद,
सेक्रेटरीला आमच्या कुलपाचा छंद."

सेक्रेटरी मीच, पाण्याच्या टाकीला कुलूप लावणाराही मीच. मी लेखी खुलासा मागवला. त्याने कुजबुजत माफी मागितली आणि दुसरं कडवं जास्त झोंबणारं लिहिलं. गाण्याच्या आधी त्याने मित्राला दिलेली तंबी, "हळू, आई झोपलीय", चुकून व्हिडिओत तशीच राहिली होती. लोकांना तीच आवडली. दुबईतली मराठी पोरंही म्हणे एकमेकांना तेच सांगू लागली. बँकेत मी जरा आवाज चढवला, तर कॅशियरनेही तेच ऐकवलं!

मग भाईंदरमध्ये स्टेज शो ठरला. आयोजकाने बजावलं, "भाई, इधर फुसफुस नहीं चलेगा. गला फाड़ के गा, नहीं तो आगे के चार शो दूसरे को."

संदेश ओरडायचा सराव करायला तारोडीच्या किनाऱ्यावर जाऊ लागला. तिथे मासळी वाळवणारी एक म्हातारी त्याला म्हणाली, "कोनाला हाका मारतो? बोट कवाच गेली हाय."

शोच्या दिवशी मयेकर वहिनी माझ्याबरोबर पहिल्या रांगेत होत्या. सुट्टी मिळावी म्हणून आदल्या रात्रीला जोडून दिवसपाळीही करून आल्या होत्या. "भाऊजी, मी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नाही हो. तो गातो तेव्हा मी झोपलेली. आज मोठ्याने म्हणेल ना?"

पहिलं गाणं दुसऱ्याच कुणाचं होतं. त्या दणदणाटात वहिनींची मान माझ्या खांद्यावर कलली. मी उठवणार, तेवढ्यात संदेश स्टेजवर आला. त्याने खाली पाहिलं. तोंडाशी नेलेला माईक तसाच राहिला. बाजूला आयोजक दोन्ही हात वर करून "ज़ोर से!" म्हणून खुणावत होता.

"हळू," संदेश म्हणाला, "आई झोपलीय."

मंडपभर शिट्ट्या वाजल्या. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि पहिल्या रांगेकडे दाखवलं. पोरांनी माना उंचावून पाहिलं. एकेक शिट्टी थांबली. मग त्याने सगळं गाणं कुजबुजत म्हटलं, कुलपासकट, आणि हजारभर पोरं श्वास रोखून ऐकत राहिली. शेवटी टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत, नुसते हात वर केले. आयोजक मात्र पाठ फिरवून निघून गेला होता.

खुर्च्या उचलायला लागले तेव्हा वहिनी दचकून जाग्या झाल्या. "अगं बाई! झालं? मोठ्याने म्हणाला ना?"

"हो," मी म्हणालो. "अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं."