थंडीपायीं प्रमुखपद घेतल्याची हकीकत

अखंडित-वीजपुरवठा-अलंकृत राजमान्य वाचक यांचे सेवेसी, नकाशे विभागाच्या दप्तरी बसणाऱ्याची विनंती ऐसी की, थोर माणसे पदे का घेतात याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले, परंतु खरे कारण लिहावयाची हिंमत कोणास जाहली नाही. ती आम्ही करितो.

विभागी टेबले बावीस, आणि छतास वातानुकूलन यंत्र एक, आणि त्याचा रिमोट विभागप्रमुखांचे खणात कुलूपबंद. प्रमुख अंगाचे उष्ण, सबब अंमल अठरा अंशांचा. यंत्राचे ऐन तोंडाशी थोरल्या कारकूनबाईंचे टेबल. नऊ वर्षे बाईंनी स्वेटरावर स्वेटर चढवून मोर्चा राखिला, आणि उजवा खांदा आखडोन वेणी घालणे लेकीकडे गेले, आणि अर्जांस वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. टेबल सरकवावे, तर प्रमुखांचे सहीवाचोन सामान हलवू नये ऐसा कडक कानू.

मग प्रमुख बढती पावोन वरल्या मजल्यास रवाना जाहले, तेव्हां बाईंनी मनसुबा केला की, आता गादीच घ्यावी. यजमानांनी घरी समजाविले की, एकवीस माणसांच्या रजा आणि रुसवेफुगवे गळ्यात पडतील, विकतचे दुखणे कशास?

"रिमोट मिळतो ना? मग रुसवेही बघीन," बाई म्हणाल्या.

मोहिमेत आणिक तीन सरदार उतरले, त्यांत पश्चिमेचे खिडकीशी बसणारे आवक-जावकवाले मातब्बर. अर्जात रकाना होता की, हे पद आपणांस का हवे? कचेरीचा शिरस्ता ऐसा की कोणताही अर्ज जुन्यावरून उतरावा. त्याप्रमाणे तिघांनी मावळत्या प्रमुखांचा अर्ज पैदा करून कानामात्रेसह उतरविला. तेणेकरून तिघांसही सेवेची तळमळ लागली, आणि तिघांनीही सासऱ्यांचे आशीर्वाद नमूद केले, पैकी एकाचे लग्न व्हावयाचे होते. बाईंचे रकान्यात एकच शब्द, थंडी.

मुलाखतीत मोठ्या मॅडमनी खुलासा मागितला. बाई बोलल्या, "मॅडम, मी नऊ वर्षं गारठतेय. ज्याला काही खुपत नाही, त्याला दुसऱ्याचं दुखणं कळत नाही. मला कळेल."

मॅडमनी तीन सासऱ्यांचे अर्ज बाजूस सारिले आणि पद बाईंस बहाल केले. विभागी एकच जल्लोष जाहला. बाईंनी खण उघडोन रिमोट हस्तगत केला आणि अठ्ठावीस अंशांचा अंमल पुकारिला.

तिसरे दिवशी आवक-जावकवाले घामाने निथळत हुजूर आले. "बाई, तिकडे ऊन, इकडे तुमचे अठ्ठावीस. जीव उकडून गेलाय हो," म्हणाले, आणि हाती अर्ज ठेविला. अर्ज पाहताच बाईंस आपले नऊ वर्षांचे अर्ज आठवले. आपणही तसल्याच झालो, याची त्यांस मनस्वी लाज वाटली. मग तत्क्षणी फर्मान सुटले की, आवक-जावकवाल्यांनी यंत्राखाली जावे, बाईंनी उन्हाचे खिडकीशी यावे, आणि अंमल चोविसाचा राहावा. प्रमुखांची सही जाहली. आवक-जावकवाले झोताखाली डोळे मिटोन ऐसे बसले की जणू माहेरी आले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी नोंदविली. टेबले उचलावयास माणसे दोन लागली, वेळ पाच मिनिटे. उचला म्हणावयास नऊ वर्षे.