स्वल्प साखर

गिरीराजअण्णांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "स्वल्प साखर पाहिजे बघ."

सुशांतने ऐटीत बटण दाबलं. त्याच्या यंत्राने अण्णांच्या कपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवा कप मांडला, त्यात नवी कॉफी ओतली आणि साखर तिच्यात घातली.

बंगळुरात जयनगरातलं हे हॉटेल अण्णांचं. घराणं मराठी, पण तीन पिढ्या कानडीत मुरलेलं. त्यांनी यंत्र घेतलं तर सुशांतची नोकरी शाबूत. नाहीतर "पुण्याचं तिकीट काढ," असं साहेबांनी इंदिरानगरच्या ऑफिसातून निघतानाच बजावलं होतं.

"दूध घालू थोडं?" सुशांतने सारवासारव केली.

"घाल की."

तिसरा कप आला.

"आता पाणी मागू नका अण्णा, टेबल पुरणार नाही," म्हणत त्याची नागपूरची सहकारी शाल्मली लॅपटॉपवर वाकली. "काय करून ठेवलं रे बाप्पा! += म्हणजे आहे त्याच कपात भर घालायची. तू चिन्ह ते लिहिलं आणि आत साधी बेरीज केली. बेरीज दरवेळी नवा कप मांडणारच ना!"

रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशा चिन्हांना आपल्या वस्तूपुरता आपला अर्थ देता येतो. सुशांतने ती हौस पुरेपूर भागवली होती. तपासायचं तेवढं राहिलं होतं. त्याने घाईघाईने सगळी चिन्हं दुरुस्त केली: जे काही व्हायचं ते त्याच कपात.

पुन्हा बटण. साखर निमूटपणे अण्णांच्याच कपात पडली. अण्णांची मान डोलली. सुशांतने मनातल्या मनात तिकीट फाडलं.

"सरी, जमलं. आता एक बाय टू कर."

एक कॉफी, दोघांत. बंगळुरात याशिवाय गप्पांना तोंड फुटत नाही, हे सुशांत जाणून होता. भागिले दोनची सोय त्याने केलीच होती: /=, म्हणजे भागाकारही आता त्याच कपात. यंत्राने इमानाने तोच कप तिरका केला, अर्धी कॉफी खालच्या जाळीत सोडून दिली आणि उरलेला अर्धा कप अदबीने पुढे सरकवला.

"अरे, मघाशी साखर मागितली तर अख्खा कप दिलास," अण्णा म्हणाले, "आता दुसरा कप मागतो तर होती तीही अर्धी गेली!"

"तेवढं दुरुस्त करतो अण्णा..."

"दुरुस्त नको रे मारया! मघाचीच मशीन दे."

"पण तो बिघाड होता!"

"असू दे. गिऱ्हाईक स्वल्प साखर मागणार, जास्तीचा कप शेजारच्याला जाणार. दोघं बोलायला लागले की इडली मागवल्याशिवाय उठतात होय?"

सुशांत लॅपटॉपकडे वळला. शाल्मलीने खुर्ची ओढली.

"सरक. या वेळी चूक नीट करायची आहे."