झाकण असलेली वस्तू

एकोणीसशे त्र्याहत्तर साली आकुर्डीच्या एका कारखान्यात असं आढळून आलं, की कामगारांना प्रेरणा नाही. हातमोजे होते, साबण होता, कँटीनमध्ये उसळ होती. प्रेरणा मात्र स्टोअरमध्ये शोधूनही सापडली नाही. कल्याण अधिकारी देवस्थळे यांनी या गोष्टीची गंभीर दखल घेतली आणि सूचनाफलकावर परिपत्रक लागलं. हौशी छायाचित्रण मंडळ स्थापन होत आहे, कॅमेरा असणाऱ्यांनी सभासद व्हावं, स्पर्धेचा विषय ‘माझ्या कामातलं सौंदर्य’. सभासद होणं ऐच्छिक आहे. न होणाऱ्यांनी कारण लेखी द्यावं.

कॅमेरा असलेले सात जण निघाले. त्यांत लेथवरचे मालोजी घुले होते.

मालोजींच्या कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल होता. अकरा काढून झाले होते. सातव्यात त्यांची बायको होती. दुर्गाबाई फोटो म्हटलं की पाठ फिरवायची. लग्नात फोटोवाला ठरला होता, तो वाटेत दुसऱ्याच लग्नात जेवायला बसला. पुढं वीस वर्षं तसा योग आला नाही. त्या एका सकाळी मात्र चाळीच्या नळावर तिच्या दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या होत्या, त्यामुळं पदर तोंडावर ओढता आला नाही. “अहो, आधी एक कळशी धरा, मग काय ते काढा!” असं ती ओरडली, आणि ओरडता ओरडता हसली. मालोजींनी बटण दाबलं. जगात तिचा तेवढा एकच फोटो.

अकरावा काढून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, “टाकू का धुवायला?”

“एक राहिलाय ना अजून? वाया कशाला घालवता?” ती म्हणाली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिला कावीळ झाली आणि ती गेली.

तेव्हापासून मालोजी बाराव्या फोटोच्या शोधात होते. वाया घालवू नका म्हणाली होती. मग आता तो कशावर घालवायचा? रविवारी देहूला जाऊन नदी बघून आले, लोणावळ्याला जाऊन दरी बघून आले. दोन्ही ठिकाणी कॅमेरा डोळ्याला लावला आणि उतरवला. नदी चांगली होती, पण नदीसाठी तिनं तो ठेवायला सांगितला नव्हता.

चिंचवडात मीरासाहेबांचा फोटो स्टुडिओ होता. ते दर वेळी म्हणत, “मालोजीराव, रोल म्हणजे काय कैरीचं लोणचं हाय का मुरवायला? आणा इकडं. भाभींचा फोटो मी स्वतः धुऊन देतो.”

“एक राहिलाय,” मालोजी म्हणत.

मंडळाच्या पहिल्याच सभेत एक अडचण निघाली. कारखान्यात कॅमेरा आणायला सक्त मनाई होती.

“मग कामातलं सौंदर्य टिपायचं कसं, साहेब?” मालोजींनी विचारलं.

“सौंदर्य आत आहे, कॅमेरा बाहेर आहे,” देवस्थळे म्हणाले. “यात अडचण कुठं आली? इथंच कल्पनाशक्तीला वाव आहे.”

तेव्हा कल्पनाशक्तीला वाव म्हणून मंडळाला रविवारी कंपनीच्या ट्रकमध्ये बसवून मारुंजीला नेण्यात आलं. कारखान्यात कामगार होते, पण सौंदर्य खेड्यात असतं, असं देवस्थळ्यांचं मत होतं. तिथं चतुराबाई नावाची म्हातारी आपल्या ओट्यावर बसलेली असे. पुण्याहून येणाऱ्या मंडळांनी तिच्या सुरकुत्यांवर आजवर तीन बक्षिसं मिळवली होती. तिला त्यांतलं एकही दिसलेलं नव्हतं.

“कंचं तोंड करू?” ट्रक थांबताच तिनं विचारलं. “दुःखाचं का नुसतं म्हातारपणाचं?”

“आजी, तुम्ही नेहमी असता तशा राहा,” देवस्थळे म्हणाले.

“नेहमी मी आत निजल्येली असते.”

सहा कॅमेरे वाजले. मालोजी बाजूला उभे होते. म्हातारीनं त्यांना हाक मारली. “तुला न्हाई का रं काढायचा?”

“एकच राहिलाय, आजी. बायकोचा फोटो हाय त्याच रोलात. ती गेली.”

चतुराबाईनं दुःखाचं तोंड एकदम पुसून टाकलं. “कसा आलाय?”

“अजून बघितला न्हाई.”

“मग हितं काय करतुयास मुडद्या? जा की आधी, धू की त्यो!”

मालोजींनाही ते पटलं. पण सोमवारी नवं परिपत्रक लागलं. वरून विचारणा आली होती, की आमच्या कामगारांच्या कामातलं सौंदर्य मारुंजीच्या म्हातारीच्या तोंडावर कसं काय? म्हणून बुधवारी एक दिवस कॅमेरा आत आणायला परवानगी देण्यात येत आहे. फोटो फक्त कँटीनमध्ये काढावेत. यंत्र, धुराची चिमणी, घड्याळ, अधिकारी आणि अन्न यांचे फोटो काढू नयेत. एकही फोटो न काढणाऱ्या सभासदानं खुलासा द्यावा.

बुधवारी जेवण झाल्यावर मालोजी डबा धुऊन बसले होते. झाकण पालथं वाळत ठेवलं होतं. खिडकीतून ऊन आलं आणि त्यावरची कोरलेली अक्षरं चमकली. ‘सौ. दुर्गा मा. घुले.’ डबे बदलतात म्हणून तिनं चिंचवडच्या बाजारात समोर बसून नाव घालून घेतलं होतं. “तुमचं नाव नको,” म्हणाली होती, “डबा मी भरते.” रोज हातात असलेलं झाकण. त्याच्यासाठी मालोजी लोणावळ्यापर्यंत जाऊन आले होते.

त्यांनी बारावा फोटो काढला. रोल संपला. शिफ्ट सुटली की थेट मीरासाहेबांकडं जायचं, घरीसुद्धा जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

साडेतीनला दारावर रांग लागली. मागच्या वर्षी कुणीतरी डब्याच्या खालच्या पुडातून तांब्याचे तुकडे नेले होते, तेव्हापासून हुकूम होता की झाकण असलेली प्रत्येक वस्तू उघडून पाहावी. हवालदार रंगराव मावळातला सरळ माणूस होता. तीन हजार डबे त्यानं रोज उघडले होते आणि कुणाच्या घरी काय भाजी होते हे त्याला पाठ होतं.

त्यानं डबा उघडून बघितला, मिटला. मग कॅमेरा हातात घेतला.

“याची परवानगी हाय,” मालोजींनी चिठ्ठी पुढं केली.

“कॅमेऱ्याला हाय. आत काय हाय त्याला न्हाई.”

“रंगराव, आत रोल हाय. उजेड लागला की सगळं जातं. माझी बायको हाय त्यात.”

“घुलेभाऊ, मला ठावं हाय वहिनी गेल्या ते,” रंगराव खालच्या आवाजात म्हणाला. “पर ह्याला मागं झाकण हाय.”

“देवस्थळे साहेबांना विचारा.”

“त्ये तीनलाच गेले.”

“मग उद्यापर्यंत हितंच ठेवा. न उघडता.”

“न उघडता ठिवली तर ती बेवारस वस्तू व्हती. बेवारस तर दोनदा उघडायची.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ओ भावा, आवरा की! बस चाललीय! बायको काय डब्यात घेऊन फिरता का राव?” रांग हसली.

मालोजींनी हात पुढं केला होता, पण रंगरावनं झाकण उघडलं. गुंडाळी काढली, टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडली, मग उचलून उन्हात धरली आणि तांब्यासाठी दोन्ही बाजूंनी नीट पाहिली. पुन्हा व्यवस्थित गुंडाळून रबर लावलं आणि नोंदवहीत लिहिलं, ‘तपासले. आक्षेपार्ह काही आढळले नाही.’

“बघा,” तो म्हणाला, “काय बी नव्हतं. उगं घाबरला.”

मीरासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. अंधाऱ्या खोलीत गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिले. पट्टी काळीभोर निघाली. कागदावर घेतली तर बाराही फोटो पांढरे. त्यांनी मोजून मोजून सातवा वेगळा काढला आणि पाठीवर पेन्सिलीनं आकडा घातला, कारण त्याशिवाय तो ओळखू आला नसता.

स्पर्धेला काही दिलं नाही तर खुलासा लिहावा लागला असता. मालोजींना खुलासा लिहिता येईना. त्यांनी तो सातवा कागद दिला. अर्जावर शीर्षकाची जागा होती, तिथं लिहिलं, ‘दुर्गाबाई, नळावर, सकाळी.’

परीक्षकांपुढं सात फोटो आले. एकात खिडकीतून चिमणी दिसत होती, तो बाद झाला. एकात घड्याळात अकरा वाजले होते आणि अधिकारी आत येत होते, तो फोटो बाद झाला आणि काढणाऱ्याची बदली झाली. एकात उसळ होती आणि उसळीत जे होतं तेही स्पष्ट आलं होतं. अशा रीतीनं सहा बाद झाले. सातव्यात यंत्र नाही, घड्याळ नाही, तक्रार नाही. सर्व नियमांचं पालन करणारी एकमेव कलाकृती म्हणून मालोजींना पहिलं बक्षीस देण्यात आलं. देवस्थळे भाषणात म्हणाले, की प्रेरणा कशी असावी याचा हा नमुना आहे. बक्षीस म्हणून कोरा रोल मिळाला, पत्र्याच्या गोल डबीत.

डबीला झाकण होतं. दारावर मालोजींनी ती स्वतःच उघडून दिली.

तो पांढरा कागद चौकटीत घालून कँटीनमध्ये लावला आहे. खाली अभिप्रायवही आहे, पेन सुतळीनं बांधलं आहे. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘फार हसलो’ असे चारशेवर अभिप्राय आहेत. ती कशी दिसायची, असं त्यात एकानंही विचारलेलं नाही. चतुराबाईनं विचारलं असतं, पण तिला आत येण्याचा पास नाही.

वहीत शेवटचं पान कोरं आहे. आपण इथवर आलाच आहात, तर आपलाही अभिप्राय लिहा. रांगेत हसू आलं असेल तर तेवढंच लिहा. बाकीच्यांनीही तेच लिहिलंय.