गोगलगायीला आधी पेज

त्या श्रावणात परसातलं तण उपटायचं नाही असं विमलाने ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

"पाहुण्याला आधी पेज वाढली की तो मासळी कमी खातो," ती नवऱ्याला, सगुणला, म्हणाली. "तण राहू दे. या मुठीएवढाल्या गोगलगायी त्यावरच पोट भरतील, भाजीकडे बघणार नाहीत."

(खरं कारण कंबर. पण कंबर दुखते म्हणण्यापेक्षा शास्त्र सांगितलेलं बरं.)

खाण बंद पडल्यापासून घरीच असलेल्या सगुणने कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले. खातात. खात नाहीत. पंधरा दिवसांत पहिला रकाना भरला: काकडी, भेंडी, दोडकी, झेंडू, पपईचं रोप. दुसऱ्यात एकच शब्द, तण.

"समोर मासळी दिसताना पेज कोण खाईल गो?" सगुण म्हणाला.

विमलाने मीठ टाकलं, राख टाकली, शिव्या घातल्या. मिठाने चारदोन मेल्या, राखेवरून बाकीच्या चालत गेल्या आणि शिव्या सगुणला लागल्या. दमून ती पायरीवर बसली. गणपतीची चवथ चार दिवसांवर. लेकीच्या, गौरवीच्या लग्नानंतरची पहिली चवथ, तिच्या सासरी चोपड्याला वजें, म्हणजे भाजीफळांची टोपली, पाठवायची. आणि विहिणीला तिने भर मांडवात ऐकवलेलं, "आमच्या घरात बाजारातली, बेळगावची भाजी येत नाही. सगळं परसातलं." आता शब्द गेला तर टोमणे गौरवी खाणार, जन्मभर.

शेवटी ती डिचोलीच्या बाजारात गेली. बेळगावचीच भाजी आणली, परसातला चिखल चोळून ती गावठी केली, टोपलीच्या तळाला भाजीवाल्याचाच पुठ्ठा घातला आणि रात्रभर पडवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सगुण स्कूटरवरून पोचवून आला.

संध्याकाळी विहिणीचा, ताराबाईंचा, फोन. तो स्पीकरवर होता. (बंद कसा करतात ते विमलाला अजून जमलेलं नाही.)

"विहीणबाई, टोपली तुमच्या परसातलीच हो. आत गोगलगाय निघाली."

विमलाचा जीव भांड्यात पडला. "मग? मी काय खोटं सांगते?"

"पण भाजीला तिने तोंड लावलं नाही. खालचा पुठ्ठा तेवढा कुरतडला, चारी बाजूंनी. मधे 'बेळगाव' छापलंय, तेवढं ठेवलं. बरोबरच आहे. तुमच्या घरची ती. तिला कशी चालेल बेळगावची भाजी?"

फोन बंद झाला.

सगुणने कॅलेंडर उलटं केलं, 'खात नाहीत'च्या रकान्यावर पेन टेकवलं.

"तणाखाली काय लिहू गो? शाई, की बेळगाव?"