कासमचाचांचा ओरिजिनल अमेरिकन

लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला लोक नमस्कार करतात, सलाम करतात, गेला बाजार उकाड्याबद्दल तरी बोलतात. आमचे कासमचाचा विचारतात, "बोला, आजवरचा सर्वांत मोठा अमेरिकन कोण?"

दुबईत अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी राहायला आलो त्याच दिवशी हा प्रश्न माझ्या अंगावर आला. दोन्ही हातांत शेगडी होती. सुटका करून घ्यायला मी कुठल्याशा राष्ट्राध्यक्षाचं नाव घेतलं. आमचा मजला आला तशी चाचांनी पायाने दार अडवलं. "निवडून आलेला माणूस चालणार नाही. मतं मागितली की मोठेपणातून थोडं कट होतं. यल्ला, नीट विचार करून सांगा."

चाचा मूळचे दाभोळचे. देराच्या धक्क्याजवळ त्यांचं बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान. तरुणपणी आले आणि इथेच दाढी पांढरी झाली. अमेरिका त्यांनी पाहिली ती फक्त खोक्यांवरच्या छापील अक्षरांत. पण पार्ट पारखायची सवय माणसांनाही लागू व्हायची. "ओरिजिनल की डुप्लिकेट?" हा त्यांचा सगळ्या जगाला एकच सवाल.

शनिवारी संध्याकाळी खालच्या कॅफेटेरियात करक चहावर आमची बैठक बसायची. विजेचा दिवा शोधणारा? "दुसऱ्यांची डोकी जोडली. असेंबल्ड." चंद्रावर उतरलेला? "पाठवणारे वेगळेच. हा डिलिव्हरी बॉय." एकदा मी एसीचा शोध लावणाऱ्याला पुढे केलं. बाहेर अंगाची लाही होत होती, त्यामुळे मला विजयाची खात्रीच होती. चाचांनी छतावरच्या एसीच्या जाळीकडे मोठ्या आदराने पाहिलं.

"हबीबी, हा दुसरा नंबर. पक्का."

"मग पहिला कोण?"

"शोध चालू आहे."

शोध कधी संपायचा नाही, कारण चाचांचा एक नियम सगळ्यांना आडवा यायचा. जन्म तिथलाच पाहिजे. बाहेरून येऊन अमेरिकन झालेला माणूस बाद! विस्कटलेल्या केसांचा तो जगप्रसिद्ध शास्त्रज्ञसुद्धा बाद. "माणूस ग्रेट. पण माल जर्मनीचा, फक्त स्टिकर अमेरिकेचं."

माझी मुलगी रुचा उसळून म्हणाली, "चाचा, दॅट्स सो अनफेअर!"

"रूल इज रूल, बेटा. मी इथे जिंदगी काढली, म्हणून मी अमिराती झालो का? दाभोळचा तो दाभोळचाच. माणूस बाहेर गेला तरी परत येतो."

शेवटचं वाक्य ते जरा जोरात म्हणायचे. त्यांची एकुलती एक मुलगी शाहीन अमेरिकेत गाईगुरांची डॉक्टर आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. चाची गेल्यापासून चाचा एकटेच राहत. शाहीनबद्दल कुणी विचारलं तर "येईल परत, इन्शाल्ला," म्हणत आणि चहाची आणखी एक फेरी मागवत.

गेल्या सप्टेंबरात इथल्या आमच्या मराठी मंडळाने वादसभा ठेवली. वडापाव चाचांकडून होता, त्यामुळे विषयही चाचांचाच होता आणि परीक्षकही चाचाच. मंदार नावाच्या नव्या मुलाने त्या शास्त्रज्ञाची बाजू मांडली. चांगला बोलला. मग मी उठलो आणि चाचांचंच हत्यार बाहेर काढलं. "माल जर्मनीचा, स्टिकर अमेरिकेचं! असा माणूस अमेरिकन कसा?" हॉल हसून हसून लोळला. शाबासकीच्या आशेने मी चाचांकडे पाहिलं.

चाचा हसत नव्हते.

"सावंत, खाली बस," ते उभे राहत म्हणाले. "तो नियम माझा होता. आज मी तो मोडतोय. खलास."

"पण चाचा, तुम्हीच तर..."

"मीच म्हणत होतो. चुकीचं म्हणत होतो. जन्माला यायला काय अक्कल लागते? सगळेच येतात. स्वतःचं घर सोडायचं, परक्या मुलखात जायचं आणि तिथल्या माणसांना आपलं म्हणायचं, त्याला काळीज लागतं. पार्ट कुठून आला ते बघू नका. इंजिन कुणामुळे चालतंय ते बघा."

आवाज चढला होता. टाळ्या पडल्या. बक्षीस मंदारला मिळालं.

परतताना चाचा माझ्या गाडीत होते. मी फुरंगटून म्हणालो, "चाचा, सगळ्यांसमोर विकेट काढलीत माझी."

त्यांनी खिडकीबाहेर शेख झायेद रोडकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "शाहीनने या आठवड्यात शपथ घेतली. अमेरिकन झाली. तिने फोन करून सांगितलं, तर मी नुसतं 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला."

सिग्नलला गाडी थांबली तसा त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. बर्फाने वेढलेला गोठा. त्यात गुडघ्यांवर बसलेली शाहीन, खांद्यापर्यंत माखलेली, कुशीत ओलंगच्च वासरू.

"गेल्या हिवाळ्यातलं आहे. रस्ते बंद होते, ही बाई शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून गेली. वासरू आडवं आलेलं. गाय वाचवली, कालवडही वाचवली. त्या शेतकऱ्याने कालवडीचं नाव काय ठेवलं माहितीये? दुबई!"

मला हसू फुटलं. चाचाही हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"समुद्रकाठची पोर रे ती. थंडीत दोन गोधड्या घ्यायची."

"हे तिला सांगितलंत का?"

"फोनवर जमत नाही मला. ती कधीपासून म्हणतेय, अब्बा, या. मी म्हणतो, दुकान कोण बघणार?" त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "देराकडे घे गाडी."

"दुकानात जायचंय?"

"कोट घ्यायचाय. बर्फात चालेल असा."

बाहेर दमट हवेने गाडीच्या काचा घामेजल्या होत्या. देरातल्या कपड्यांच्या दुकानातला मल्याळी सेल्समन आधी आमच्याकडे आणि मग रस्त्याकडे बघत राहिला. "चाचा, अभी?" पण मागच्या खोलीतून त्याने एक जाडजूड कोट आणला. चाचांनी तो घातला, गळ्यापर्यंत चेन ओढली, टोपी डोक्यावर घेतली. कपाळावरून घाम ओघळत होता आणि चाचा शिपायासारखे ताठ उभे होते.

"फोटो काढ. तिला पाठव."

मी त्यांच्याच मोबाईलवरून पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. शाहीनने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "अब्बा, आर यू रियली कमिंग?"

"येतोय," चाचा म्हणाले. "तू शपथ घेतलीस ना, ती जागा दाखव मला. कुठे उभी होतीस ते दाखव."

तिने भराभर मान डोलावली. चाचांनी बाहीने तोंड पुसलं आणि फोन त्या सेल्समनकडे वळवला.

"ये मेरी बेटी है," ते म्हणाले. "अमेरिकन है."