सोमवारची नखं

इंगोले गुरुजी माणसाच्या तोंडाकडे शेवटी पाहतात. आधी म्हणतात, "दाव बरं हात." मेडशीच्या बसस्टँडवर उतरलेला नवा माणूस तिकीट मागताहेत समजून खिसे चाचपतो. गुरुजी किंचित थरथरत्या डाव्या हातानं त्याची बोटं उजेडाकडे वळवतात. उजवा हात कायम सदऱ्याच्या खिशात. ती त्यांची मास्तरकीची ऐट, असं आम्ही धरून चाललो होतो.

शाळेत दर सोमवारी प्रार्थना झाली की ते आमची नखं तपासत. वाढलेली दिसली की बोटांवर पट्टी. मीही खाल्ली आहे. नोकरी संपली, पण नखं सुटली नाहीत. कुठलंसं आरोग्याचं पुस्तक वाचलं आणि त्यांना मळाच्या जागी रोग दिसायला लागले. नख चमच्यासारखं खोलगट, त्यावर पाण्याचा थेंब ठरला, तर रक्त कमी. बोटांची टोकं फुगून नख गोल वळलं, तर छाती दाखवा. "माणूस खोटं बोलते, नख नाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता नखाचं बोलणं कधीकधी गुरुजींनाच नीट ऐकू येत नसे. शेतात हळद शिजवून आलेल्या बाईला त्यांनी कावीळ झाली म्हणून बसमधून उतरवलं. मतदानानंतर एका कंडक्टरचं बोट धरून म्हणाले, "तुह्या रक्ताले हवा भेटून नाई राह्यली."

"गुरुजी, शाई आहे ते. तुमच्याबी बोटाले आहे."

गुरुजींनी आपलं बोट निरखलं. "माह्यं मले माहीत आहे," म्हणाले आणि बस जाऊ दिली.

पण शिंप्याच्या सुनेच्या नखावर थेंब ठरला आणि डॉक्टरकडे खरंच रक्त कमी निघालं. औषधं घेऊन ती बरी झाली, आता दिवसभर शिलाई मशीन चालवते. तेव्हापासून गावाला मोकळेपणी हसायची सोय उरली नाही.

माझं बांगड्यांचं दुकान आहे. दिवसभर हात हातात घेणं हाच धंदा. सोबत नेलपॉलिशही विकतो, म्हणून गुरुजींचा माझ्यावर राग. "रफिक, नखाले पडदे लावून राह्यला लेका तू." मी हसायचो.

मग एक दिवस माझ्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग दिसला आणि हसू आटलं. असा डाग दिसला तर डॉक्टर गाठायचा, त्यातून कधी कॅन्सरही निघतो, हे गुरुजींनीच सांगितलेलं. मी घरी बोललो नाही. अंगठा मुठीत दाबून सुटे पैसे ताटलीत ठेवायचो. बायकोनं विचारलं तर म्हटलं, मेंदी सांडली. माझ्या पोरींशी बोलताना नजर खाली जायची.

एका दुपारी गुरुजी दुकानात येऊन बसले. "काहून लपवून राह्यला?"

"भेव वाटते, गुरुजी."

एवढं सरळ मी आजवर कोणाशी बोललो नव्हतो. अंगठा पुढं केला. तो धरून वर भिंग धरायचं, तर दुसरा हात लागणारच. गुरुजींचा उजवा हात खिशातून बाहेर आला.

"मुळाशी नवं नख साफ आहे. डाग पुढं सरकला. काही लागलं होतं काय?"

दुकानाचं शटर अंगठ्यावर आदळलं होतं, ते आत्ता आठवलं. पण माझं लक्ष माझ्या अंगठ्यावर राहिलंच नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताची नखं वाढून वाकडी झाली होती, कडा फाटल्या होत्या. माझी नजर तिथं गेलेली पाहून ते हात मागं घ्यायला लागले. मी तो धरला, सोडला नाही. हात धरणं मला येतं.

"डावा थरथरते रे. उजव्याची नाई कापता येत. तुही काकू कापून द्याची."

काकूंना जाऊन बरेच दिवस झाले होते.

"कोणाले म्हणू? अख्ख्या गावाले पट्टी मारली मी."

दुसऱ्या दिवशी ते मला वाशीमला घेऊन गेले. बसभर लोकांची बोटं पाहत होते. डॉक्टरही म्हणाले, साकळलेलं रक्त आहे, नखाबरोबर निघून जाईल. लपवलं म्हणून रागावले. घरी बायको त्याहून रागावली.

आता दर सोमवारी दुकान उघडलं की गुरुजी येतात. इकडंतिकडं कोणी पाहत नाही ना बघतात, आणि रांगेतल्या पोरासारखा उजवा हात पालथा करून माझ्यापुढं धरतात.